पिवळा जरा कमी करा, ताई

छत्तीस वर्षं मी लोकांचे फोटो छापते आहे. एवढ्या वर्षांत "ताई, रंग अगदी बरोबर आला" असं आपणहून म्हणणारं गिऱ्हाईक मला भेटलेलं नाही. बरोबर आलेला रंग कोणाला दिसतच नाही. चुकलेला मात्र फोटो पाकिटातून अर्धा बाहेर निघायच्या आत दिसतो. "फोनवर तर मस्त दिसत होता," हे पुढचं वाक्य. मग मी समजावते, फोनच्या काचेला आतून उजेड असतो, कागदाला नसतो. तुमच्या खोलीत जेवढा उजेड, तेवढ्यावरच कागदाला भागवावं लागतं. माणूस सगळं ऐकून घेतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "हाव ताई, पण फोनवर मस्त दिसत होता."

या अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या आठवणी लिहायला सांगितलं तेव्हाच मी त्यांना म्हटलं होतं की माझ्याकडून नुसत्या तक्रारीच निघतील. ते म्हणाले, चालेल. तेव्हा आता त्यांनी आणि वाचणाऱ्यांनी सोसावं.

अमरावतीला राजापेठेत आमची कलर लॅब आहे. मी तिथे पंचविसाव्या वर्षी नोकरीला लागले. पुढे मालक थकले तेव्हा त्यांनी ती मलाच चालवायला दिली. लोकांना वाटतं, फोटो छापणं म्हणजे बटण दाबणं. रिळांच्या काळात बटण दाबायच्या आधी त्या फोटोत पिवळा किती, किरमिजी किती, निळसर हिरवा किती, हे डोळ्यांनी ठरवावं लागे. आधी बोटभर पट्टी छापायची, खिडकीपाशी धरून पाहायची, कमीजास्त करून पुन्हा छापायची. मालक म्हणत, "पोरी, साडी पाहू नको, चेहरा पाहा. साडीचा रंग कोनाले ठाऊक नसते. माणसाच्या कातडीचा साऱ्यायले ठाऊक असते." तासाभराने डोळे फसायला लागतात. सतत पिवळं पाहिलं की डोळे ते पिवळं पचवून टाकतात आणि सगळं ठीक आहे असं सांगतात. म्हणून समोरची भिंत राखाडी ठेवलेली. दर तासाला तिच्याकडे दोन मिनिटं बघत बसायचं. बाहेरच्यांना वाटे, बाई रिकामी बसली आहे. आता कॉम्प्युटर आला, मोठा प्रिंटर आला, तरी शेवटचा निकाल डोळ्यांचाच असतो.

तो निकाल लोकांना मान्य असतोच असं नाही. मोर्शीच्या एका संत्रा व्यापाऱ्यांना पेट्यांवर चिकटवायला संत्र्याचा मोठा फोटो हवा होता. मी छापला. ते म्हणाले, फिका आहे. भगवा वाढवला. अजून वाढवा, म्हणाले. चौथ्या खेपेला ते पेटी घेऊनच आले आणि माझ्या काउंटरवर संत्री मांडली. "हा पाहा माल!" मी एक संत्रं उचललं आणि अगदी पहिल्या छापाशेजारी धरलं. दोघं सख्खे भाऊ. देठापाशी हिरवटपणासुद्धा तोच. व्यापाऱ्यांनी एकदा संत्रं पाहिलं, एकदा छाप. मग म्हणाले, "मंग ताई, हे संत्रंच फिकं हाय." त्यांनी भडक छापच नेला. संत्री तिथेच ठेवून गेले. गोड होती.

पण अशी गिऱ्हाइकं येतात आणि जातात. जे जात नाहीत ते म्हणजे शनिवारवाले.

शनिवारवाले चार जण. जोशी सर, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, जे फुलाचा फोटो काढण्याआधी फुलाचं नाव दोन भाषांत सांगतात. तायडेभाऊ, एस.टी. डेपोतून निवृत्त झालेले, ज्यांना अजूनही सगळं जग फलाटावर उशिरा आलंय असं वाटतं. आणि दोघं नौदलातले: बोंडेभाऊ आणि गावंडेभाऊ. चौघंही सत्तरीच्या आसपासचे, चौघांच्याही गळ्यात कॅमेरे. दर शनिवारी अकराला लॅबमध्ये येतात, एक वाजता जातात. त्या दोन तासांत माझं काम होत नाही. दोन स्टुलांवर चार जण बसतात, एकमेकांच्या फोटोंतल्या चुका काढतात, आणि बाहेरच्याने चूक काढली तर चौघं मिळून त्याच्यावर तुटून पडतात. लॅबमधला बाहेरचा माणूस म्हणजे मी.

हा अड्डा माझ्याच काउंटरवर सुरू झाला, त्यामुळे दोष मलाही आहे. बोंडेभाऊ शेंदूरजनाघाटच्या बागायतदार घरातले. घरची संत्री सोडून नौदलात गेले आणि पंधरा वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये राहिले. त्या आवाजाने त्यांचे कान गेले. गावंडेभाऊ अकोल्याचे. ते जहाजावर सिग्नलमन होते. एका जहाजाचा निरोप दुसऱ्याला झेंड्यांनी आणि दिव्यांनी द्यायचा, आणि समोरचा निरोप दुर्बिणीतून वाचायचा, हे त्यांचं काम. दोघं फक्त दोन वर्षं एका जहाजावर होते. गावंडेभाऊ सांगतात, पहिल्याच आठवड्यात खालून कोणीतरी ओरडलं, "काहून बे भैताडा, पाना कुठी ठेवला?" आणि आठशे कोसांवर आपला माणूस भेटल्यासारखं त्यांना झालं. नंतर बदल्या झाल्या, संबंध तुटला. बोंडेभाऊ पुढे अमरावतीत स्थायिक झाले, गावंडेभाऊंनी अकोल्याच्या एका शाळेत कवायत शिकवली. मग आठ वर्षांपूर्वी एका सकाळी दोघंही माझ्या काउंटरवर फोटो घ्यायला एकाच वेळी आले. बोंडेभाऊ नेहमीच्या आवाजात, म्हणजे रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं, माझ्याशी भांडत होते. गावंडेभाऊंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. बोंडेभाऊ वळले. त्यानंतर दोघांनी जो आरडाओरडा केला त्याने बाजूच्या दुकानातले लोक मारामारी झाली म्हणून धावत आले.

तेव्हापासून गावंडेभाऊ दर शनिवारी अकोल्याहून गाडीने बडनेऱ्याला उतरून येतात. बोंडेभाऊ त्यांना आणायला स्कूटर घेऊन जातात.

आता मुद्द्यावर येते. गेल्या वर्षी पोळा झाला त्या सुमारास गावंडेभाऊंची तक्रार सुरू झाली. "ताई, पिवळा जरा कमी करा ना." मी फोटो पाहिला. पिवळा मुळीच जास्त नव्हता. तरी थोडा कमी केला. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. "अजून कमी करा. साऱ्या फोटोवर चहा सांडल्यासारखा दिसून राहिला." मी कमी करत गेले. पिवळा कमी केला की निळा वर येतो, हे या धंद्याचं गणित आहे. दिवाळीपर्यंत त्यांचे बगळे निळे झाले होते, मेंढ्या निळ्या झाल्या होत्या आणि सेमाडोहच्या जंगलातल्या चहावाल्या बाई तर आजारी दिसत होत्या.

मी उरलेल्या तिघांपुढे फोटो धरला. "तुम्हीच सांगा, हा निळा आहे की नाही?"

जोशी सर चष्मा पुसत म्हणाले, "प्रत्येकाची एक दृष्टी असते, ताई."

तायडेभाऊ म्हणाले, "थंडीचा फील आला जी. बम मस्त."

बोंडेभाऊंना ऐकूच आलं नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं.

दोन अनुभवी माणसं म्हणतात ठीक आहे, तिसरे हरकत घेत नाहीत, म्हणजे चूक माझीच असणार. मी प्रिंटरची नळी न् नळी साफ केली. शाई बदलली. पडद्याचे रंग तपासायला नागपूरहून माणूस बोलावला. तो म्हणाला, सगळं बरोबर आहे. रोज सकाळी लॅब उघडली की मी आधी कोरा कागद खिडकीत धरून बघायची. रस्त्यातल्या माणसांचे चेहरे न्याहाळायची, हे असेच दिसायला हवेत ना म्हणून. एवढ्या वर्षांत आपल्या डोळ्यांवरचा माझा विश्वास पहिल्यांदा डळमळला, आणि त्याचा सगळा राग मी मनातल्या मनात गावंडेभाऊंवर काढत होते.

याच सुमारास या मंडळींनी अकोल्यात प्रदर्शन भरवायचं ठरवलं. एका शाळेचा हॉल मिळाला होता. प्रत्येकाचे बारा फोटो, मोठ्या आकारात, छापणार अर्थातच मी. त्यासाठी चौघं सेमाडोहला जाऊन आले आणि गावंडेभाऊंनी तिथला एक फोटो आणला. सागाच्या ढोलीतून डोकावणारं घुबड. अर्धा डोळा मिटलेला, पिसाचं टोक न् टोक स्वच्छ. इतका सुंदर फोटो त्यांच्याकडून मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी तो स्वतःच्या यादीत पहिला लिहिला होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आजकालच्या प्रत्येक फोटोच्या पोटात तो कुठल्या कॅमेऱ्याने काढला, किती वाजता काढला, सगळं लिहिलेलं असतं. एरवी आम्ही ते उघडून बघत नाही. त्या दिवशी आकाराचा हिशोब लागत नव्हता म्हणून मी उघडलं. कॅमेरा बोंडेभाऊंचा होता. मीच त्यांना घ्यायला लावलेला. तसला आमच्या शनिवारवाल्यांत दुसऱ्या कोणाकडे नाही.

शनिवारी अकराला चौघं आले. गावंडेभाऊंनी आल्या आल्या मागच्या आठवड्याचा छाप काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "ताई, घुबडाचाही पिवळा जरा..."

माझा तोल गेला. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "गावंडेभाऊ, पिवळ्याचं राहू द्या. हा फोटो तुमचा नाहीच. दुसऱ्याचा फोटो आपल्या नावावर लावायचा, वर छापणाऱ्यालाच शहाणपण शिकवायचं?"

 गावंडेभाऊंना राग येईल असं मला वाटलं होतं. त्यांना राग आला नाही. ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "मायाच हाय तो," ते म्हणाले. "मी काढला ना. बोंड्या बाजूले होता. बोंड्या, सांग ना यायले."

बोंडेभाऊ खाली बघत होते. या खेपेला त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

"मीच टाकला तुया पेनड्राइव्हमंदी," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "तुया फोटोत घुबड नोतंच आलं. तू बाजूच्याच झाडाचा काढला होता."

मला तरीही उमगलं नाही. मी हट्टाने कोऱ्या कागदाचा गठ्ठा फोडला, वरचा कागद काढून गावंडेभाऊंसमोर धरला आणि विचारलं, "हा कोणत्या रंगाचा आहे?" न छापलेला, शुभ्र कागद होता तो.

त्यांनी तो जवळ घेतला, लांब धरला. "पिवळट हाय," ते म्हणाले. "जुना झाला दिसते."

जोशी सरांनी तोंड फिरवलं. तायडेभाऊ स्टुलावरून उठून दारापाशी गेले. आणि मग मला सगळं दिसायला लागलं, जे मला सहा महिन्यांपूर्वी दिसायला हवं होतं. डाव्या हाताला ठेवलेला चहाचा कप त्यांनी दोनदा सांडला होता. पायरी उतरताना बोंडेभाऊ पुढे होत. गाडीवरून आणायला बोंडेभाऊ, फोटो कॉम्प्युटरवरून काढून द्यायला बोंडेभाऊ, जंगलात खांद्याला खांदा लावून उभे बोंडेभाऊ. आणि निळे बगळे मस्त म्हणणारे बाकीचे दोघं. सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते रंग ओळखून पोट भरणाऱ्या मला.

गावंडेभाऊंनी तो कागद काउंटरवर नीट ठेवला, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि निघाले. बोंडेभाऊ स्कूटरची किल्ली घेऊन मागे धावले. रस्त्यावरून गावंडेभाऊंचा आवाज आला, "मायामागं येऊ नोको." ते ऑटो करून गेले.

पुढचे तीन शनिवार ते आले नाहीत. बोंडेभाऊ येत, स्टुलावर बसत, एक वाजता जात. मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की विचारता सोय नाही. अहो, मित्राला दिसत नाही हे कळल्यावर माणूस त्याला डॉक्टरकडे नेतो. या तिघांनी काय केलं? सहा महिने त्याच्यासाठी नाटक केलं. मी बोंडेभाऊंना तसं म्हटलं, अर्थात ओरडून, कारण दुसरा इलाज नाही.

"तो म्हणे, कोनाले सांगू नोको," बोंडेभाऊ म्हणाले. "जहाजावर एकानं सांगू नोको म्हटलं का आमी सांगत नसो. सिग्नलमनचे डोळे गेले असं वर समजलं का त्याले घरी धाडत."

"हे जहाज नाही, भाऊ. ही अमरावती आहे. इथून त्यांना कोण घरी धाडणार होतं?"

त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून पुसायला घेतला. मग मीच म्हटलं, "रविवारी चला अकोल्याला. मीही येते."

गावंडेभाऊंचं घर छोटं, नीटनेटकं. दार त्यांच्या पत्नीने, सुमनवहिनींनी उघडलं. मला पाहून त्या म्हणाल्या, "बरं झालं आल्या. मी वर्षभर सांगून राहिली, डोळे दाखवा. मले म्हणतात, तुले काय समजते." मग माझ्या मागे उभ्या बोंडेभाऊंना म्हणाल्या, "अन् तुमी बी त्यायचेच."

गावंडेभाऊ आत पलंगावर बसले होते. मी समोर बसले आणि आधी माफी मागितली. चोरीचा आळ घेतला होता मी एका सरळ माणसावर, चार लोकांसमोर. त्यांनी वहिनींना चहा टाकायला सांगितलं. मग म्हणाले, "आळ घेतला ते खरं. पण तुमीच एकट्या खरं बोलल्या. बाकीचे मले निळे बगळे दाखवून मस्त मस्त करत होते." थांबून म्हणाले, "मले भेव वाटत होतं ताई. डॉक्टर म्हणन, आता बंद करा. कॅमेरा गेला तर शनिवारी मी तिथं येऊन करू काय?"

"भांडायचं," मी म्हटलं. "कॅमेऱ्याशिवायही तुम्हाला ते जमतं."

ते हसले नाहीत, पण उद्या दवाखान्यात यायला तयार झाले. अट एकच. "तुमच्यासंगं येतो. याच्यासंगं येत नाई."

मी त्या रात्री अकोल्यालाच मावसबहिणीकडे राहिले. बोंडेभाऊ तिथल्याच कुठल्या नातेवाइकाकडे थांबले होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी एका ऑटोत गावंडेभाऊ, वहिनी आणि मी. मागच्या ऑटोत एकटे बोंडेभाऊ.

तपासायला दोन तास लागले. डोळ्यांच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी मला आणि वहिनींना आत बोलावून सांगितलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू; त्याचा पिवळसर पडदा, म्हणून सगळं पिवळं दिसतं. ऑपरेशन केलं की ते जाईल. पण शिवाय काचबिंदू आहे. त्यात डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने विझत येते, दुखत नाही की खुपत नाही. डावीकडची बरीचशी गेली आहे. गेलेली परत येत नाही. उरलेली राखायची तर रोज थेंब घालायचे, जन्मभर. "सहा-आठ महिने आधी आणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. आवाजात दोष देणं नव्हतं, त्यामुळे ते जास्तच लागलं. सात महिने आधी ते माझ्या काउंटरवर उभे होते आणि मी त्यांच्यासाठी पिवळा कमी करत होते.

बाहेर बाकावर बोंडेभाऊ. "काय म्हणे?" त्यांनी विचारलं. मी हळू सांगितलं. "काय?" मी पुन्हा सांगितलं. "आँ?" शेवटी त्या भरल्या दवाखान्यात मला ओरडून सांगावं लागलं, "काचबिंदू! डावीकडचं गेलं! परत येणार नाही!"

बोंडेभाऊ हातातली किल्ली नुसती फिरवत होते. तेवढ्यात गावंडेभाऊ बाहेर आले, वहिनींचा हात सोडून भिंतीच्या आधाराने त्यांच्यासमोर उभे राहिले आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. तेही ओरडूनच, कारण दुसरा इलाज नाही.

"भैताडा, मले सांगाचं होतं ना!"

"तूच म्हटला होता, कोनाले सांगू नोको!"

"लोकायले नोको सांगू म्हटलो होतो! मले नोको सांगू असं कवा म्हटलो?"

नर्स बाहेर आली आणि दोघांनाही गप्प बसायला सांगून गेली. बोंडेभाऊंनी सरकून बाकावर जागा केली. गावंडेभाऊ त्यांच्या शेजारी बसले. औषधांचा कागद वहिनींनी आपल्याकडे घ्यायला हात पुढे केला, तोवर तो बोंडेभाऊंच्या खिशात गेला होता.

महिन्याच्या अंतराने दोन्ही ऑपरेशनं झाली. त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी गावंडेभाऊ काळा चष्मा लावून लॅबमध्ये आले. चष्मा काढला, त्यांच्या फोटोंचा गठ्ठा मागितला, वरचा बगळा पाहिला आणि भडकले.

"ताई, हा कोनं छापला? हा तर निळा हाय!"

मी कपाळाला हात लावला. तायडेभाऊ हसत हसत स्टुलावरून पडायचे राहिले. गावंडेभाऊंनी एकेक छाप पाहिला. मग गठ्ठा बाजूला सारून म्हणाले, "सारे परत छापा. तुमाले पटते तसे." छत्तीस वर्षांत मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. तेही रागात दिलेलं.

प्रदर्शन झालं, बरंच उशिरा, ऐन मे महिन्यात. गावंडेभाऊंच्या फोटोंच्या डाव्या बाजूला आता बरंच काही सुटतं. एका फोटोत हरणाचं तोंड आहे, धड नाही. जोशी सर म्हणाले, हा नको. गावंडेभाऊ म्हणाले, "मले जेवढं दिसलं तेवढं काढलं. लावा." लावला. घुबडाचा फोटो मात्र कोणीच लावला नाही. तो गावंडेभाऊंच्या नावावर लागणं शक्य नव्हतं, आणि बोंडेभाऊ आपल्या नावावर लावायला तयार झाले नाहीत. माझ्या पाहण्यातला त्या वर्षीचा तो सगळ्यात चांगला फोटो, आणि तो खणात पडून आहे. या माणसांशी काय बोलावं सांगा.

मी मात्र तेव्हाच एक नियम केला. चौघांनाही सांगितलं, डोळे तपासल्याचा कागद दाखवल्याशिवाय यापुढे एकही फोटो छापणार नाही. कुरकुर फार झाली. जोशी सरांनी आपला दोन वर्षांपूर्वीचा कागद दाखवून पाहिला, परत पाठवला. तायडेभाऊंनी नव्या चष्म्याचा नंबर आणला. बोंडेभाऊंनी मोठ्या ऐटीत कागद दिला. उघडून पाहते तर तो कानाचा. त्यांना वाटलं, मी कान तपासून या म्हटलंय. एका अर्थी ते बरंच झालं.

शेवटचा कागद ताब्यात आला त्या दिवशी गावंडेभाऊ म्हणाले, "अन् ताई, तुमचा?"

मी म्हटलं, मला वेळ नाही. ते म्हणाले, "मी बी असंच म्हणत होतो." खरी गोष्ट अशी की मला भीती वाटत होती. यजमान गेल्यापासून घरात मी एकटी, मुलगी पुण्याला. हे डोळे म्हणजेच माझा धंदा. त्यांत काही निघालं तर लॅबचं दार मी कोणत्या तोंडाने उघडू? त्या निळ्या सहा महिन्यांत रोज कोरा कागद खिडकीत धरताना जी धास्ती बसली होती ती गेलेली नव्हती. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. म्हणजे मी तेच करत होते, ज्याबद्दल बोंडेभाऊंना फाडून खाल्लं होतं.

मंगळवारी सकाळी दहाची वेळ घेतली, इथेच अमरावतीत. मी कोणाला बोलावलं नव्हतं. दवाखान्यात पोचले तर चौघंही बाकावर आधीच बसलेले. तायडेभाऊंनी घड्याळ दाखवलं. "सात मिनिटं लेट, ताई."

बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले की तासभर समोरचं सगळं पसरट, धुरकट होतं. मी आत डोळे मिटून बसले होते आणि बाहेरून त्यांचं भांडण ऐकू येत होतं. विषय होता माझ्याबरोबर आत कोणी जायचं. शेवटी कोणीच आलं नाही. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं. दाब ठीक होता. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, म्हणाले, अगदी थोडी. वर्षभराने पुन्हा दाखवा, तोवर काम करायला हरकत नाही.

मी बाहेर येऊन ते सांगितलं. बोंडेभाऊंनी विचारलं, "काय म्हणे?" आणि बाकी तिघांनी एकाच दमात ओरडून सांगितलं.

दाराबाहेर जूनचं ऊन होतं. त्या डोळ्यांनी ते सोसेना. पायऱ्या कुठे संपतात तेही कळेना. डाव्या बाजूने गावंडेभाऊंनी माझा दंड धरला, उजव्या बाजूने बोंडेभाऊंनी. एकाला डावीकडचं दिसत नाही, दुसऱ्याला गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही. तायडेभाऊ पुढे होऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि हात वर करून गाड्या थांबवायला लागले, जशा डेपोत थांबवत. जोशी सर मागून माझी पर्स सांभाळत होते आणि गिला वडा कुठला चांगला यावर कोणाचं तरी म्हणणं खोडून काढत होते.

"पुढं पायरी हाय, ताई," गावंडेभाऊ म्हणाले.

"पायरी नाई बे, नाली हाय," बोंडेभाऊ ओरडले.

मी डोळे मिटून घेतले आणि दोघांच्या मधून रस्ता ओलांडला.